तीन पिढ्यांची सागरी सफर : बाळ कोणाच्या हाती?

ज्यांचे बालपण कोकणाशी जोडलेले आहे, त्यांच्या मनात बोटीच्या प्रवासाची आठवण अजून ताजी असेल. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जाणाऱ्या त्या बोटी, धक्का नसलेल्या बंदरात भर पाण्यात पडावात उतरणारी माणसे, ट्रंका आणि कडेवरची मुले, आणि ‘बोट लागली’ म्हणून लिंबू हुंगत पडून राहिलेली मंडळी. तो प्रवास गरजेचा होता. आता हौसेचा प्रवास आला आहे. मुंबईहून गोवा वा लक्षद्वीपकडे, किंवा विमानाने सिंगापूर गाठून तेथून पुढे, क्रूझने जाण्याची प्रथा मध्यमवर्गीय मराठी घरांतही रुजू लागली आहे. मुलगा-सून किंवा मुलगी-जावई बेत आखतात आणि आमंत्रण येते, “आई-बाबा, तुम्हीही चला. नातवंडांबरोबर चार दिवस निवांत मिळतील.”

आमंत्रण प्रेमाचे असते, यात शंका नाही. परंतु घरात दोन वर्षांखालील मूल असेल, तर त्या प्रेमात बहुधा एक न बोललेली अपेक्षाही मिसळलेली असते. बाळाला आजी-आजोबा सांभाळतील, असे तरुण गृहीत धरतात. आई-वडील बरोबर आहेत म्हणजे आपल्याला विश्रांती, असे ज्येष्ठ गृहीत धरतात. घरी ही तफावत निभावून जाते. जहाजावर मात्र आजूबाजूला पाणी, पाण्याचे तलाव, उंच कठडे आणि अनोळखी गर्दी असते, आणि सहा मोठी माणसे बरोबर असूनही नेमक्या त्या क्षणी बाळाकडे कोणाचेच लक्ष नसते. म्हणून या सफरीची आखणी तिकिटापासून नव्हे, तर ‘बाळ केव्हा कोणाच्या हाती’ या प्रश्नापासून सुरू करावी, असे या लेखात सुचवायचे आहे. त्याबरोबरच, बाळाच्या सोयीसाठी जे जे करावे लागते त्यातील बरेचसे ज्येष्ठांच्या प्रकृतीलाही उपयोगी पडते, हेही ध्यानात येईल.

आधी वय, मग तारीख

बहुतेक क्रूझ कंपन्या ६ महिन्यांहून लहान बाळाला जहाजावर घेत नाहीत. ज्या सफरीत जहाज सलग अनेक दिवस किनाऱ्याला न लागता चालते, तेथे ही मर्यादा सामान्यतः १२ महिन्यांची असते. प्रवासाच्या दिवशी बाळाचे वय किती, हे यात पाहिले जाते. आरक्षणाच्या दिवशीचे नव्हे. गर्भवती स्त्रियांनाही प्रवासादरम्यान २४ वा आठवडा लागणार असेल तर बहुधा प्रवेश नाकारला जातो. हे नियम जाचक वाटले तरी त्यांमागे कारण आहे. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग नसतो. तान्ह्या बाळाच्या शरीरातील पाणी पाहता पाहता कमी होते, आणि मोठे रुग्णालय मात्र काही तासांच्या, प्रसंगी दिवसाच्या अंतरावर असते.

हाच विचार ज्येष्ठांनीही स्वतःपुरता करावा. अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, दम्याचा त्रास वारंवार उसळत असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज होकार देऊ नये. पहिलीच वेळ असेल तर दोन-तीन रात्रींची सफर पुरेशी आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरील सफरींसाठी हिवाळ्याचे महिने अधिक सुखाचे.

केबिन निवडताना

जहाज पुढच्या आणि मागच्या टोकाला अधिक हलते, वरच्या मजल्यांवरही अधिक झुलते. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरील केबिन बाळालाही सोसते आणि तोल सांभाळताना ज्येष्ठांनाही. दोन केबिन शेजारी-शेजारी घ्याव्यात. सर्वांनी एकाच केबिनमध्ये राहण्याने पैसे वाचतात, पण रात्री बाळ रडले की सगळ्यांची झोप मोडते. आणि अपुऱ्या झोपेचा परिणाम सत्तरीतल्या माणसाच्या रक्तदाबावर व तोलावर दुसऱ्याच दिवशी दिसतो.

घडीचा पाळणा आरक्षणाच्या वेळीच मागून ठेवावा, कारण जहाजावर त्यांची संख्या मोजकी असते. केबिनमधील स्नानगृहाला बहुधा उंच उंबरठा असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो केलेला असतो, पण चालायला शिकलेले मूल आणि रात्री उठणारे आजोबा, दोघेही त्याच ठिकाणी अडखळतात. पहिल्याच दिवशी त्या उंबरठ्याची जागा नीट पाहून घ्यावी आणि रात्री स्नानगृहातील दिवा चालू ठेवून दार किलकिले ठेवावे. केबिनची दारे जड असतात व आपोआप जोरात मिटतात. बाळाची बोटे तेथे सापडतात. बाल्कनीची केबिन असेल तर तेथील खुर्ची व टेबल कठड्यापासून दूर सरकवावे आणि दाराची कडी मोठ्या माणसानेच लावावी. मूल खुर्चीवर चढते आणि मग कठड्याची उंची अपुरी पडते.

आपल्या गोळ्या, त्यांचे कुतूहल

हा मुद्दा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो सावकाश वाचावा.

घरी आपली औषधे कपाटात, उंचावर असतात. केबिनमध्ये मात्र एकच छोटे टेबल असते. त्यावर चष्मा, पाण्याची बाटली आणि आठवड्याच्या गोळ्यांचा कप्प्याकप्प्यांचा डबा शेजारी-शेजारी राहतात. हा डबा आपल्या थरथरत्या बोटांना उघडता यावा असाच बनवलेला असतो. दीड वर्षाच्या मुलालाही तो सहज उघडतो. रंगीत, गोल गोळी त्याला खाऊसारखी वाटते.

आजी-आजोबांची औषधे हे लहान मुलांच्या विषबाधेचे जगभर ओळखले गेलेले कारण आहे. मधुमेहावरील ग्लिमेपिराइडसारखी एखादी गोळीसुद्धा लहान मुलाची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते, आणि तो परिणाम कधी कधी काही तासांनी दिसतो. तोपर्यंत मूल अगदी ठीक खेळत असते. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिन, हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांचेही तसेच.

उपाय सोपा आहे. केबिनमध्ये दागिने व पासपोर्ट ठेवण्यासाठी लहान तिजोरी असते. तिच्यात सर्व औषधे ठेवावीत. गोळी घेण्याची वेळ झाली की तेवढीच बाहेर काढावी आणि मुलासमोर ‘गोड आहे’ असे कधीही म्हणू नये. आजीची पर्स व आजोबांच्या सदऱ्याचा खिसा ही औषधांची जागा असता कामा नये. खाली पडलेली गोळी शोधल्याशिवाय तेथून उठू नये. औषधे नेहमीपेक्षा पाच-सहा दिवसांची अधिक, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. ती मोठ्या सामानात न देता हातातील पिशवीत ठेवावीत, कारण मोठे सामान केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होऊ शकते. इन्सुलिनसाठी मात्र वेगळी सोय लागते. केबिनमधील छोटा शीतकपाट पुरेसा थंड असेलच असे नाही. त्याची व्यवस्था जहाजाच्या दवाखान्याला विचारून करावी.

मुलाने गोळी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नये. उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. कोणती गोळी, किती आणि केव्हा, एवढे लक्षात ठेवून तिचे पाकीट हातात घ्यावे आणि मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. घरातल्या कोणाचा दोष, याची चर्चा नंतर करता येते.

बोट लागली तर

दोन वर्षांखालील मुलांना बोट सहसा लागत नाही. शाळकरी वयात, म्हणजे साधारण सात ते बारा वर्षांच्या सुमारास, हा त्रास सर्वाधिक असतो आणि उतारवयात तो पुष्कळदा कमी होतो. तरीही आपल्याकडे प्रवासात ‘अ‍ॅव्होमिन’ची गोळी जवळ ठेवण्याची आणि तिचा तुकडा मुलांनाही देण्याची जुनी सवय आहे. ही सवय सोडावी. या गोळीतील प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. तान्हे बाळ उलट्या करू लागले, तर ते बोट लागल्यामुळे असेल असे मानून चालू नये. दुसरे कारण शोधावे.

ज्येष्ठांनीही ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. तिने गुंगी येते, तोल जातो, काहींना गोंधळल्यासारखे होते. प्रोस्टेटची वाढ असलेल्यांची लघवी अडू शकते, आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यांतील दाब वाढू शकतो. गोळी घेतलेल्या व्यक्तीने बाळाला कडेवर घेऊन जिना उतरू नये, एवढे पथ्य सर्वांनीच पाळावे. डेकवर मोकळ्या हवेत बसणे, क्षितिजाकडे पाहणे, पोट अगदी रिकामे किंवा तडस भरलेले न ठेवणे, सुके खाणे आणि आल्याचा तुकडा चघळणे हे निरुपद्रवी उपाय आधी करून पाहावेत.

जुलाब, उलट्या आणि साबण

जहाजावर अनेक माणसे एकत्र जेवतात, एकाच कठड्याला हात लावतात. अशा ठिकाणी नोरोव्हायरस नावाचा विषाणू झपाट्याने पसरतो. संसर्गानंतर १२ ते ४८ तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात आणि बहुधा एक ते तीन दिवसांत थांबतात. तरुण माणूस त्यातून सहज उठतो. पाच वर्षांखालील मुले आणि पासष्टीपुढील माणसे मात्र पाणी कमी झाल्याने संकटात येतात. बाळाचा डायपर आजीने बदलला, तर एकाच दिवसात आजार दोन्ही टोकांना पोहोचतो.

बुफेच्या दाराशी ठेवलेला हातांवर चोळण्याचा द्रव या विषाणूवर पुरेसा ठरत नाही. साबण आणि पाण्याने निदान २० सेकंद हात धुणे, हाच खरा उपाय आहे. डायपर बदलल्यावर, शौचानंतर आणि जेवणाआधी तो प्रत्येक वेळी करावा.

ओआरएसची पाकिटे घरूनच न्यावीत. मीठ, साखर आणि पाण्याच्या या साध्या मिश्रणाचे मोल १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी जगाला दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेलेच पाकीट घ्यावे. ऊर्जा देणारी गोड पेये त्याची जागा घेऊ शकत नाहीत. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण मिसळावे, अंदाजाने अर्धे करू नये. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. अंगावरचे दूध थांबवू नये. सहा तासांत डायपर ओला झाला नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे किंवा टाळू खोल गेली, मूल मलूल पडले, यांपैकी काहीही दिसले की दवाखाना गाठावा.

ज्येष्ठांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना एक प्रश्न विचारून उत्तर कागदावर लिहून घ्यावे : “मला जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर माझ्या कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या?” लघवी वाढवणारी, रक्तदाबाची आणि मधुमेहाची काही औषधे अशा वेळी मूत्रपिंडांवर ताण आणतात. काही प्रवासी केबिनमध्ये बंद राहावे लागेल या भीतीने आजार लपवतात. तसे करू नये; लवकर कळवल्यास उपचारही लवकर होतो आणि इतर बाळांचे, वृद्धांचे रक्षणही.

खाण्याच्या बाबतीत दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. बहुतेक जहाजांवर विजेची किटली नेता येत नाही आणि घरचे शिजवलेले अन्नही चालत नाही. बंद डब्यातील बाळाचे दूध व खाद्य मात्र सहसा नेता येते आणि ते पुरेसे न्यावे, कारण जहाजावर ते विकत मिळेलच असे नाही. गरम पाणी, मऊ भात, बिनतिखट वरण यांसाठी भोजनगृहात पहिल्याच जेवणाला सांगून ठेवावे. हेच साधे जेवण आजोबांच्या पोटालाही मानवते.

तलावाशी एकच पहारेकरी

डायपर घालणाऱ्या मुलांना बहुतेक जहाजांवरील मोठ्या तलावांत उतरू देत नाहीत. पोहण्याचा विशेष डायपर घातला तरीही. काही जहाजांवर त्यांच्यासाठी कारंज्यांची वेगळी जागा असते. आपल्या जहाजावर ती आहे का, हे आधी विचारावे, म्हणजे तलावाकाठी हट्ट आणि रडारड टळते.

लहान मूल बुडते तेव्हा आरडाओरडा होत नाही. ते गुपचूप, काही क्षणांत पाण्याखाली जाते. प्रत्येक तलावावर जीवरक्षक असेलच असे नाही आणि हवा भरलेले पट्टे हे खेळणे आहे, संरक्षण नव्हे. म्हणून तलावाजवळ एका वेळी एकाच व्यक्तीकडे पहारा असावा. तिने मूल हाताच्या अंतरावर ठेवावे आणि तेवढा वेळ फोन, पुस्तक व गप्पा बाजूला ठेवाव्यात. पहारा बदलताना तोंडाने सांगावे, “आता तुझ्याकडे,” आणि समोरच्याने “हो, माझ्याकडे” म्हटल्याशिवाय जागा सोडू नये. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना ऐकू कमी येते किंवा पोहता येत नाही, त्यांनी हा पहारा एकट्याने घेऊ नये. नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

आणीबाणीची तयारी

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सुरक्षा-सराव तोवर झालेलाच नव्हता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि हा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले. बाळाच्या झोपेची वेळ आहे म्हणून तो टाळू नये. बाळाच्या मापाचे लाइफ जॅकेट कोठे मिळेल, हे त्याच वेळी विचारावे. संकटात लिफ्ट वापरायची नसते, म्हणून बाळाला कोण उचलणार आणि काठी घेऊन चालणाऱ्या आजींच्या बरोबर कोण राहणार, हे दोन माणसांत वाटून ठेवावे. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात काठी, अशी व्यक्ती नसावी.

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. लहान होडीत उतरावे लागते. जुना पडावच तो. बाबागाडी आणि चाकांची खुर्ची तेथे उपयोगाची नसते. ज्यांना ती पायरी जमणार नाही, त्यांनी त्या दिवशी जहाजावरच राहावे.

कागदपत्रांत बाळाचाही स्वतंत्र विचार करावा. परदेशी सफरीसाठी बाळाला स्वतःचा पासपोर्ट लागतो. आई-वडिलांपैकी एकच जण किंवा केवळ आजी-आजोबा बरोबर असतील, तर संमतिपत्र जवळ ठेवावे. जहाजावरील उपचारांचे पैसे भरावे लागतात आणि देशातील आरोग्य विमा तेथे बहुधा चालत नाही. म्हणून प्रवास विमा घेताना आधीपासूनचे आजार आणि समुद्रातून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे वाचून पाहावे.

पाळ्या कागदावर

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. मुलांचे खेळघर बहुतेक जहाजांवर तीन वर्षांपुढील, डायपर सुटलेल्या मुलांसाठीच असते. त्याहून लहान मुलांना सांभाळणारी सोय काही जहाजांवर असते आणि तिचे दर तासाला पैसे पडतात. ती नसेल तर सारा भार कुटुंबावर येतो. म्हणून निघण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून दिवसाचे भाग पाडावेत. सकाळचा न्याहारीनंतरचा एक तास आजी-आजोबांचा, तोही मोकळ्या डेकवर सावलीत, बाबागाडीसह. दुपारी बाळ झोपते तेव्हा ज्येष्ठांनीही झोपावे. ही वेळ दोघांच्याही प्रकृतीला मानवते. तलाव, किनाऱ्यावरचे उतरणे आणि रात्रीची जाग ही आई-वडिलांची. एक संध्याकाळ तरुण जोडप्याने एकत्र जेवावे आणि बाळ झोपल्यावर आजी केबिनमध्ये बसावी; एक संध्याकाळ आजी-आजोबांनी दोघांनीच डेकवर बसावे आणि त्यांना कोणी बोलावू नये.

हे बोलणे कोणी सुरू करायचे, असा संकोच अनेक घरांत असतो. सुनेला वाटते, सासूबाईंना कामाची यादी कशी द्यावी? सासूबाईंना वाटते, नातवासाठी वेळेचा हिशेब कसा मांडावा? माझी सूचना अशी की हा विषय ज्येष्ठांनीच काढावा. “मी रोज दोन तास आनंदाने घेईन; वर-खाली जिने चढणे आणि रात्रीचे जागरण मला झेपणार नाही,” असे स्पष्ट व हसतमुखाने सांगितले, तर घरातले तरुण त्याचा मान राखतात आणि त्यांनाही आपली आखणी करता येते. न सांगता सोसले तर तिसऱ्या दिवशी थकवा चिडचिडीच्या रूपाने बाहेर येतो, आणि थकलेल्या माणसाच्या हातून बाळ निसटते.

तेव्हा पुढचे आमंत्रण आले की आनंदाने होकार द्यावा, पण आरक्षण होण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर उतरवून सर्वांना वाचून दाखवाव्यात : बाळ कोणत्या वेळी कोणाकडे, औषधे कोणत्या तिजोरीत, आजारी पडल्यास कोणती गोळी थांबवायची, आणि संकटात कोण कोणाला घेऊन बाहेर पडायचे. त्या कागदाची एक प्रत केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी, आणि मग नातवाला समुद्र दाखवायला न्यावे.